नायजर नदीचा मार्ग आणि तिची नावे

१. प्रश्नाचे स्वरूप

नाईल व काँगो यांच्या खालोखाल नायजर ही आफ्रिका खंडातील तिसरी मोठी नदी होय. तिची लांबी सुमारे ४,१८० किलोमीटर भरते. तिच्या काठी माली व सोंघाई यांसारखी साम्राज्ये नांदली. टिंबक्टू, जेन्ने, गाओ यांसारखी विद्येची आणि व्यापाराची केंद्रे तिच्या पाण्यावर वाढली. आणि तिच्या मुखांशी युरोपीय गलबतांची ये-जा १५व्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालू होती. असे असूनही ही नदी कोठून निघते, कोणत्या दिशेस वाहते आणि अखेरीस कोठे मिळते, या तीन प्रश्नांची निश्चित उत्तरे भूगोलाच्या ग्रंथांत फार उशिरा आली. दिशेचा प्रश्न १७९६ मध्ये, मुखाचा १८३० मध्ये आणि उगमाचा १८७९ मध्ये निकालात निघाला.

या घटनांचा इतिहास सामान्यतः धाडसी प्रवाशांची कथा म्हणून सांगितला जातो. त्या प्रवाशांच्या धैर्याविषयी वाद नाही; त्यांतील बहुतेकांनी या नदीपायी प्राण वेचले. तथापि या निवेदनात एक प्रश्न नेहमी बाजूस पडतो. जिच्या काठी असंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती, मासेमारी व नौकानयन करीत आले, ती नदी 'अज्ञात' होती म्हणजे नेमकी कोणाला अज्ञात होती? आणि काठच्या लोकांजवळ असलेले ज्ञान ग्रंथांत येण्यास एवढा विलंब का लागला?

सहारा वाळवंटाचा अडसर, किनाऱ्यावरील रोगट हवा, गुलामांच्या व्यापारामुळे माजलेली अराजकता ही कारणे सर्वश्रुत आहेत व ती खरीही आहेत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एका कारणाची नोंद करणे अवश्य आहे, आणि ते भाषेच्या क्षेत्रातील आहे. या नदीविषयीचे बरेचसे घोटाळे तिच्या नावांतून उत्पन्न झाले. 'नदी' किंवा 'मोठे पाणी' एवढाच अर्थ असलेली सामान्यनामे ग्रंथकारांनी विशेषनामे म्हणून स्वीकारली. एका नदीच्या अनेक नावांमुळे अनेक नद्या मानल्या गेल्या आणि एका नावामुळे अनेक नद्यांची एक नदी झाली. या दृष्टीने नायजरच्या मार्गाचा प्रश्न पुन्हा तपासून पाहणे उद्‌बोधक ठरते.

२. नदीचा मार्ग

नायजरचा उगम गिनी देशाच्या डोंगराळ प्रदेशात, सिएरा लिओनच्या सीमेलगत होतो. तेथून अटलांटिक महासागर अवघ्या २४० किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु नदी समुद्राकडे पाठ फिरवून ईशान्येस वळते आणि वाळवंटाचा रस्ता धरते. टिंकिसो, मिलो, संकरानी इत्यादी उपनद्यांचे पाणी घेऊन ती माली देशात बामाकोवरून जाते. कुलिकोरोच्या पुढे तिचे पात्र संथ व विस्तृत होते. सेगूच्या खाली, मार्काला येथे, १९४७ मध्ये पूर्ण झालेला बंधारा आहे. त्यापुढे नदी सपाट मैदानात शिरते आणि तिला असंख्य फाटे फुटतात. मोप्ती येथे दक्षिणेकडून बानी नदी येऊन मिळते. फाटे, सरोवरे व दलदली यांचा हा विस्तीर्ण प्रदेश 'अंतर्गत त्रिभुज प्रदेश' या नावाने ओळखला जातो. समुद्रापासून इतक्या दूर, खंडाच्या पोटात असा त्रिभुज प्रदेश असणे ही या नदीची विलक्षण गोष्ट होय. वरून येणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी बाष्पीभवनाने व झिरपण्याने येथे नाहीसे होते.

या मैदानातून बाहेर पडल्यावर नदी टिंबक्टूच्या दक्षिणेकडून जाते. कबारा हे त्या नगराचे बंदर. तेथून काही अंतर ती सरळ पूर्वेस वाहते, तोसाये येथील खडकाळ खिंड ओलांडते आणि बुरेमपाशी आग्नेयेस वळते. हेच ते प्रसिद्ध 'नायजरचे वळण'. गाओ, अन्सोंगो, लाब्बेझांगाचे खडकाळ धावते पाणी, नंतर नायजर देशाची राजधानी निआमे, बेनिनची सीमा आणि अखेर नायजेरिया असा तिचा पुढील क्रम आहे. नायजेरियात बूसा येथे पूर्वी भयंकर धावते पाणी होते. १९६८ मध्ये कैंजी धरण झाल्यावर ते स्थळ जलाशयात बुडाले. पुढे जेब्बावरून लोकोजा येथे पूर्वेकडून, कॅमेरूनच्या पठारावरून आलेली बेनुए नदी नायजरला मिळते. बेनुएचे पाणी नायजरच्या पाण्याहून कमी नसते, किंबहुना अधिकच असते. संगमानंतर नदी दक्षिणवाहिनी होते व ओनित्शाच्या पुढे अनेक मुखांनी गिनीच्या आखातास मिळते.

भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते हा वाकडा मार्ग मूळच्या एका नदीचा नव्हे. वरची नदी पूर्वी टिंबक्टूच्या उत्तरेकडील खोलगट प्रदेशात जाऊन संपत असे. खालची नदी सहाराच्या डोंगरांतून निघून, आज कोरड्या पडलेल्या टिलेम्सीच्या खोऱ्यातून गाओकडे येत असे. हवामान पालटत गेले, वाळवंट वाढले आणि कालांतराने वरच्या नदीने खालच्या नदीचे पात्र गाठले. म्हणजे जे भूगोलज्ञ नायजर अंतर्भागातील एखाद्या सरोवरात लुप्त होते असे पुढे म्हणाले, त्यांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते चुकीचे असले तरी एका फार जुन्या अवस्थेचे ते, त्यांच्या नकळत, अचूक वर्णन होते.

या मार्गाचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. गिनीच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी कुलिकोरोला सप्टेंबरच्या सुमारास भर येते. पण अंतर्गत त्रिभुज प्रदेशात ते महिनोन्‌महिने रेंगाळते आणि निआमेला डिसेंबर-जानेवारीत पोहोचते. त्यामुळे निआमेच्या परिसरात नदीला दोन पूर येतात. पहिला स्थानिक पावसाचा, ऑगस्ट-सप्टेंबरातील. याला गाळामुळे 'तांबडा पूर' म्हणतात. दुसरा भर कोरड्या ऋतूतील. गाळ वरच राहिल्यामुळे त्याचे पाणी निवळ व गडद दिसते, म्हणून तो 'काळा पूर'. आकाशात ढग नसताना नदी फुगते, याचा अर्थ पाणी फार दुरून येत असले पाहिजे, हे अनुमान काठच्या नावाड्याला कोणत्याही ग्रंथावाचून करता येण्यासारखे होते.

३. काठाकाठाची नावे

एवढ्या लांब नदीच्या काठी एकच भाषा बोलली जाणे शक्य नाही. वरच्या टप्प्यात मांडे कुलातील भाषा, मैदानी भागात त्यांच्या जोडीला फुला, वळणावर सोंघाई व तुआरेग, पुढे हौसा, नुपे, योरुबा, इग्बो आणि अगदी मुखापाशी इजो असा भाषांचा क्रम लागतो. प्रत्येक भाषेत नदीला नाव आहे.

मांडे भाषिक तिला 'जोलिबा' म्हणतात. या नावातील 'बा' हा घटक 'नदी' व 'मोठे' अशा दोन्ही अर्थांनी त्या भाषांत येतो. मोप्तीला मिळणाऱ्या 'बानी'च्या नावात याच 'बा'ला लघुत्वदर्शक 'नी' प्रत्यय लागला आहे. म्हणजे ती 'लहान नदी'. फुला भाषेतील 'मायो' या शब्दाचा अर्थ केवळ 'नदी'. सोंघाई लोक 'इसा बेर', म्हणजे 'मोठी नदी', असे म्हणतात. तुआरेगांचे नाव 'एगेरेव न-इगेरेवेन' असे आहे. त्याचा अर्थ 'नद्यांची नदी'. हौसा प्रदेशात 'क्वारा', योरुबा प्रदेशात 'ओया' ही नावे रूढ आहेत. योरुबांची 'ओया' ही वादळवाऱ्याची देवताही आहे आणि नदी तिचेच रूप मानली जाते. इग्बो भाषेत 'ओरिमिली' अथवा 'ओसिमिरी' म्हणजे मोठे पाणी.

ही यादी पाहिली म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, यांतील बहुतेक नावे वर्णनात्मक सामान्यनामे आहेत. ज्या समाजाच्या जीवनात एकच मोठी नदी असते त्याला तिच्यासाठी निराळे विशेषनाम घडविण्याची निकड भासत नाही. 'नदी' म्हटले की ती नदी. गोदावरीकाठचा शेतकरी तिला नुसते 'गंगा' म्हणतो आणि भीमा पंढरपुरापाशी 'चंद्रभागा' होते, हे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेच. दुसरी गोष्ट अशी की, नावांची क्षेत्रे ढोबळमानाने नौकानयनाच्या टप्प्यांशी जुळतात. सेगूच्या परिसरात सोमोनो, अंतर्गत त्रिभुज प्रदेशात बोझो, वळणावर सोर्को, नुपे प्रदेशात केडे, मुखाजवळ अबोहचे इग्बो व इजो असे नौकाजीवी समाज आपापला टप्पा सांभाळीत. बामाको-कुलिकोरोजवळील खडक, अन्सोंगो-लाब्बेझांगाचे खडक व बूसाचे खडक यांनी नदीचे जणू स्वतंत्र विभाग पाडले होते. माल एका नावेतून दुसऱ्या नावेत जाई. त्याबरोबर नदीचे नावही बदले.

म्हणून नदीची माहिती नव्हती असे म्हणणे यथार्थ ठरणार नाही. ती टप्प्याटप्प्याने विभागलेली होती आणि प्रत्येक टप्प्याची भाषा निराळी होती. हे तुकडे जोडण्याचे काम बाहेरच्या अभ्यासकांनी करावयाचे होते. त्यांनी ते कसे केले हे पाहू.

४. ग्रंथपरंपरा : 'निगिर' आणि 'नील'

पाश्चात्त्य ग्रंथांत या विषयाचा आरंभ बहुधा हिरोडोटस याच्या एका कथेने होतो. नासामोन जमातीचे पाच तरुण वाळवंट ओलांडून दक्षिणेस गेले व त्यांना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी, मगरींनी भरलेली एक मोठी नदी दिसली, अशी ती कथा आहे. ती नदी नाईलचाच वरचा भाग असावा असा तर्क हिरोडोटस याने नोंदविला. कथेतील दिशा नायजरला लागू पडते. तर्क मात्र चुकीचा होता, आणि पुढील दोन हजार वर्षे तोच पुनःपुन्हा डोके वर काढीत राहिला.

प्लिनीच्या ग्रंथात 'निग्रिस' आणि टॉलेमीच्या भूगोलात 'निगिर' व 'गिर' ही नावे येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सुएटोनिअस पॉलिनस हा रोमन सेनानी अ‍ॅटलास पर्वत ओलांडून 'गेर' नावाच्या नदीपर्यंत गेला होता, अशी नोंद प्लिनीने केली आहे. अ‍ॅटलासच्या दक्षिणेस उतरून वाळवंटात जिरणारा 'गिर' नावाचा प्रवाह आजही आहे. बर्बर भाषांत 'गेर' अथवा 'गिर' हे शब्द वाहत्या पाण्यासाठी येतात, आणि तुआरेग ही बर्बर कुलातीलच भाषा असल्याने 'एगेरेव न-इगेरेवेन' याच्याशीही त्यांचा संबंध जोडण्यात आला आहे. यावरून पुष्कळ अभ्यासकांचे मत असे आहे की, प्राचीन ग्रंथांतील 'निगिर' सहाराच्या उत्तर बाजूचा एखादा प्रवाह असावा, आणि उत्तरकालीन भूगोलज्ञांनी ते नाव दक्षिणेकडील महानदीला चिकटविले. लॅटिन भाषेत 'निगेर' म्हणजे 'काळा'. अरब ग्रंथकार या प्रदेशाला 'बिलाद अस्‌-सुदान', म्हणजे कृष्णवर्णीयांचा देश, म्हणत. या योगायोगाने नावाची व्युत्पत्ती वाचकाला आयतीच मिळाली, आणि ती खोटी असूनही टिकली.

अरबी परंपरेत घोटाळा दुसऱ्या शब्दाने झाला. अल्‌-इद्रिसी याने ११५४ च्या आपल्या ग्रंथात दोन 'नील' सांगितले : एक मिसरदेशाचा, दुसरा सुदानाचा. दोहोंचा उगम एकाच प्रदेशात असून दुसरा पश्चिमेस वाहत जाऊन महासागरास मिळतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पश्चिमेस वाहणारी सेनेगल नदी आणि पूर्वेस वाहणारी नायजर यांची येथे गल्लत झाली, हे आज सहज दिसते. १३५२ मध्ये माली साम्राज्यात आलेल्या इब्न बतूता याने ही नदी प्रत्यक्ष पाहिली. त्यानेही तिला 'नील'च म्हटले. परंतु तो तिच्या काठची स्थळे वरून खाली, कबारा, टिंबक्टू, गाओ आणि पुढे 'युफी' अशा क्रमाने देतो. 'युफी' म्हणजे नुपे असे सामान्यतः मानले जाते. येथवर त्याचा क्रम निर्दोष आहे. त्यापुढे मात्र तो नदीला नूबिया व मिसर येथे नेतो. जेथपर्यंत त्याला व्यापाऱ्यांची माहिती मिळाली तेथपर्यंत तो अचूक आहे. जेथे ती संपली तेथे 'नील' या शब्दाने त्याला पुढे ओढून नेले.

याउलट उदाहरण अल्‌-हसन अल्‌-वझ्झान ऊर्फ लिओ आफ्रिकानस याचे. त्याचा ग्रंथ १५५० मध्ये व्हेनिस येथे छापला गेला व युरोपात तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. नदी पश्चिमेस वाहते व टिंबक्टूहून जेन्नेकडे प्रवाहाबरोबर जाता येते, असे त्यात म्हटले आहे. टिंबक्टूचा कोणताही नावाडी याच्या विरुद्ध साक्ष देऊ शकला असता. परंतु मुद्रित ग्रंथाची साक्ष अडीचशे वर्षे अधिक वजनदार ठरली.

५. सेगू ते बूसा

१७८८ मध्ये लंडन येथे आफ्रिकेच्या अंतर्भागाच्या संशोधनासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याने पाठविलेल्या हॉटन याने पश्चिम किनाऱ्याकडून आत जाताना लोकांकडून ऐकून नदी पूर्वेस वाहते असे कळविले; तो परत आला नाही. त्याच्यामागून गेलेला मंगो पार्क जुलै १७९६ मध्ये सेगू येथे पोहोचला आणि नदी संथपणे पूर्वेस वाहताना त्याने पाहिली. दिशेचा प्रश्न सुटला. पार्कच्या वृत्तांतात सेगूचा राजा मान्सोंग याच्याविषयी एक नोंद आहे. हा परका मनुष्य इतक्या दुरून, इतकी संकटे सोसून केवळ जोलिबा पाहण्यास आला आहे असे कळल्यावर, त्याच्या देशात नद्या नाहीत काय, आणि एक नदी दुसरीसारखीच नसते काय, असे राजाने विचारले. ही चौकशी अज्ञानाची खूण म्हणून वाचण्याची प्रथा आहे. वस्तुतः ज्याच्या भाषेत 'जोलिबा' म्हणजे 'मोठे पाणी' एवढेच, त्याला दुसरा प्रश्न सुचणे कठीण होते.

पार्कच्या १७९९ मधील ग्रंथास जेम्स रेनेल याचा नकाशा जोडलेला होता. हा रेनेल म्हणजे बंगालचा सर्वेक्षक म्हणून भारतीय इतिहासात परिचित असलेला तोच गृहस्थ. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा बंगालचा नकाशासंग्रह प्रख्यात आहे, आणि गंगेची असंख्य मुखे त्याने स्वतः मोजली होती. नवल असे की, गिनीच्या आखातातील मुखांचे जाळे पाहून त्याला नायजरच्या त्रिभुज प्रदेशाची शंका आली नाही. त्याने नदी खंडाच्या अंतर्भागात, वांगारा नामक दलदलीत जिरविली आणि ती दक्षिणेस जाऊ नये म्हणून की काय, तिच्या दक्षिणेस पूर्वपश्चिम पसरलेली 'काँग' नावाची पर्वतरांग काढली. ही रांग अस्तित्वातच नव्हती. तरीही ती नकाशांतून सुमारे ९० वर्षे फिरत राहिली. १८८७ ते १८८९ या काळात बिंजे हा फ्रेंच अधिकारी त्या प्रदेशातून गेला तेव्हाच ती पुसली गेली.

१९व्या शतकाच्या आरंभी राइखार्ड या जर्मन भूगोलज्ञाने नायजर गिनीच्या आखातास मिळत असावी असे तर्काने मांडले. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. नायजर व काँगो एकच, असा पक्ष अधिक प्रबळ झाला. स्वतः पार्क आपल्या दुसऱ्या सफरीत याच मताचा होता. नोव्हेंबर १८०५ मध्ये तो सान्सांदिंग येथून 'जोलिबा' असेच नाव दिलेल्या नावेतून निघाला आणि १८०६ मध्ये बूसाच्या धावत्या पाण्यात त्याचा अंत झाला. काँगोच्या मुखातून वर जाण्यासाठी १८१६ मध्ये टकी याच्या नेतृत्वाखाली निघालेली मोहीमही त्याच्यासह अनेकांचा बळी घेऊन संपली.

६. वाळूतील रेषा आणि ग्रेनाडातील साक्षी

१८२४ मध्ये क्लॅपर्टन हा ब्रिटिश नौदल अधिकारी उत्तरेकडून सहारा ओलांडून सोकोतो येथे आला. तेथील सुलतान मुहम्मद बेल्लो हा स्वतः मोठा विद्वान व ग्रंथकार होता. त्याने वाळूत क्वारा नदीचा मार्ग रेखाटून दाखविला आणि ती फुंदा येथे समुद्रास मिळते असे सांगितले. परंतु क्लॅपर्टनला दिलेल्या कागदी नकाशावर हीच नदी मिसरदेशास जाते व तिलाच नील म्हणतात, असा शेरा होता. हा नकाशा १८२६ मध्ये छापला गेला. सुलतानाने राजकीय हेतूने परक्यास चकविले असावे, असा या विसंगतीचा एक अर्थ लावण्यात आला आहे.

शब्दांकडे पाहिल्यास आणखी एक अर्थ संभवतो. फुंदा हे नगर नायजर व बेनुए यांच्या संगमाच्या परिसरातील. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे. अरबी 'बह्‌र' या शब्दाचा अर्थ 'समुद्र' तसाच 'मोठी नदी' असाही होतो. दक्षिण सुदानातील 'बह्‌र अल्‌-घझाल' ही नदीच आहे. क्वारा फुंदापाशी दुसऱ्या 'बह्‌र'ला मिळते, असे बेल्लोने सांगितले असल्यास ते भौगोलिक सत्य होते. ऐकणाऱ्याने त्याचा समुद्र केला. वाळूतील रेषा व्यापाऱ्यांकडून मिळालेल्या मौखिक माहितीची होती; कागदावरील शेरा अरबी ग्रंथपरंपरेचा होता. एकाच विद्वानाच्या ठिकाणी या दोन परंपरा नांदत होत्या असे मानल्यास फसवणुकीची कल्पना करण्याची आवश्यकता उरत नाही.

या संदर्भात जेम्स मॅक्वीन याचे प्रकरण अधिक विचार करण्यासारखे आहे. हा स्कॉटिश गृहस्थ कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर उसाच्या मळ्याचा व्यवस्थापक होता. त्याने आफ्रिकेत पाऊलही ठेवले नव्हते. पार्कचा ग्रंथ वाचून त्याने मळ्यातील गुलामांकडे चौकशी आरंभिली. त्यांत नायजरच्या काठचे लोक होते. ग्रंथ व साक्षी यांचा मेळ घालून त्याने १८१६ मध्ये आणि अधिक विस्ताराने १८२१ मध्ये प्रतिपादन केले की, नायजर बेनिन व बिआफ्रा यांच्या उपसागरांत, म्हणजेच गिनीच्या आखातात, अनेक मुखांनी मिळते. लँडर बंधूंच्या नऊ वर्षे आधी हे उत्तर छापून झालेले होते.

या यशाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. मॅक्वीन हा गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता व अखेरपर्यंत तसाच राहिला. ज्यांच्या मुखातून त्याला नदी कळली त्यांना त्या मळ्यातून उठून जाण्याची मुभा नव्हती. नदीच्या काठावरून धरून आणलेले, तिच्याच मुखांवरून जहाजांत भरलेले हे लोक नायजरच्या मार्गाचे पहिले पूर्ण साक्षीदार होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वरच्या टप्प्यात जन्मलेला मनुष्य एरवी आपल्या टप्प्याबाहेर क्वचितच गेला असता. गुलामांच्या व्यापाराने त्याला मुखापर्यंत नेले. तुकडे जोडले गेले ते अशा किमतीवर.

७. मुख, बेनुए आणि बार्थचा निष्कर्ष

क्लॅपर्टन दुसऱ्या सफरीत एप्रिल १८२७ मध्ये सोकोतो येथे मरण पावला. त्याचा सेवक रिचर्ड लँडर हा १८३० मध्ये आपला भाऊ जॉन याच्यासह परत आला. बडाग्रीच्या किनाऱ्यावरून बूसा गाठून त्यांनी होड्यांतून प्रवाह धरला. वाटेत त्यांना पकडण्यात आले, अबोहच्या राजापुढे नेण्यात आले आणि खंडणीच्या वचनावर किनाऱ्यावरील एका सरदाराने त्यांना नोव्हेंबरमध्ये समुद्रापाशी आणले. ज्या मुखातून ते बाहेर पडले ते 'नून' या नावाने युरोपीय खलाशांना फार वर्षांपासून ठाऊक होते. पामतेल व त्याआधी गुलाम यांच्या व्यापारासाठी तेथील प्रत्येक मुख त्यांनी स्वतंत्र नदी म्हणून नोंदविले होते. पुढे या सर्वांना मिळून 'तेलाच्या नद्या' असेही नाव पडले. नावे स्वतंत्र, म्हणून नद्याही स्वतंत्र, या समजुतीने साडेतीनशे वर्षे नायजरचे मुख डोळ्यांसमोर असून दिसले नाही.

मुखाचा प्रश्न सुटला तरी नावांचे खेळ थांबले नाहीत. लँडर बंधूंनी पाहिलेल्या पूर्वेकडील मोठ्या उपनदीला 'चाड्डा' हे नाव देण्यात आले, आणि ती चाड सरोवरातून निघते अशी समजूत त्या नावाभोवती दृढ झाली. हाइनरिख बार्थ याने १८५१ मध्ये योलाजवळ ही नदी ओलांडली तेव्हा तिचा चाडशी संबंध नसल्याचे त्याला दिसून आले. तिचे स्थानिक नाव 'बेनुए' असून बाट्टा भाषेत त्याचा अर्थ 'पाण्याची माता' असा असल्याचे त्याने नोंदविले. १८५४ मध्ये बेकी याच्या आगबोटीने ही नदी वर चढून जाऊन बार्थच्या शोधास पुष्टी दिली. त्या बोटीवर सॅम्युएल क्राउदर हा योरुबा विद्वान होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला व नंतर मुक्त झालेला हा गृहस्थ पुढे योरुबा, नुपे व इग्बो या भाषांच्या अभ्यासाचा एक प्रवर्तक ठरला. त्याच वर्षी कोएले याचा आफ्रिकी भाषांचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. फ्रीटाऊन येथील मुक्त गुलामांकडून जमविलेल्या या संग्रहात साक्ष देणाऱ्यांची नावे व त्यांच्या प्रवासाची हकिकतही दिलेली आहे. मॅक्वीनचे साक्षीदार निनावी राहिले. कोएलेचे राहिले नाहीत. संशोधनपद्धतीतील हा फरक लहान नाही.

बार्थ जून १८५३ मध्ये से येथे नायजरच्या काठी आला. नदीकाठच्या अनेक भाषा त्याला अवगत होत्या. जोलिबा, मायो, एगेरेव, इसा, क्वारा इत्यादी सर्व नावांचा अर्थ केवळ 'नदी' एवढाच आहे आणि म्हणून तिला 'नायजर' म्हणत राहण्यास हरकत नाही, असा अभिप्राय त्याने तेथे नोंदविला. या अभिप्रायातील पहिला भाग शास्त्रीय निष्कर्ष आहे. दुसरा भाग व्यवहाराचा निर्णय आहे. दोहोंमधील 'म्हणून' मात्र तपासण्यासारखा आहे. 'नायजर' हे नावही बर्बर भाषांतील 'नदी' याच शब्दापासून आले असल्यास, सर्व नावे सारखीच असून त्यांतील एकाची निवड झाली, एवढेच खरे. ती निवड अर्थाने झाली नाही. नकाशा ज्यांच्या हाती होता त्यांच्या सवयीने झाली.

८. समारोप

१८९७ मध्ये फ्लोरा शॉ या पत्रकार महिलेने लंडनच्या 'टाइम्स' पत्रात 'नायजेरिया' हे नाव सुचविले. ऑगस्ट १९६० मध्ये नायजर व ऑक्टोबर १९६० मध्ये नायजेरिया ही राष्ट्रे स्वतंत्र झाली. दोन्ही नावे कायम राहिली. १९६७ मध्ये नायजेरियात निर्माण झालेल्या एका राज्याला मात्र 'क्वारा' हे नाव मिळाले. सहाराच्या उत्तरेकडील एका कोरड्या प्रवाहाचे नाव अशा रीतीने दोन देशांच्या नावांत स्थिरावले आहे, आणि नदीकाठच्या भाषेतील नाव त्या नदीच्या एका टप्प्यावर एका प्रांतापुरते उरले आहे.

या विवेचनातून इतिहासाच्या अभ्यासकास एक व्यावहारिक निष्कर्ष काढता येतो. जुन्या वृत्तांतात आलेल्या भौगोलिक नावाची केवळ आधुनिक नकाशाशी जुळणी करणे पुरेसे नाही. ते नाव कोणत्या भाषेतील, कोणत्या टप्प्यावरील, कोणी सांगितलेले व कोणी ऐकलेले, आणि ते विशेषनाम की सामान्यनाम, या पाच गोष्टींची नोंद केल्याशिवाय त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये. इब्न बतूताचा 'नील', बेल्लोचा 'बह्‌र' व लँडरची 'चाड्डा' ही तिन्ही उदाहरणे या कसोटीवर घासली असता चुकीची माहिती म्हणून टाकून देण्याजोगी राहत नाहीत. माहिती कोठवर खरी होती आणि कोठून शब्दाने तिची जागा घेतली, हे त्यांतून दाखविता येते. नायजरच्या बाबतीत ही सीमारेषा बहुतेक वेळा तेथेच पडते, जेथे काठच्या माणसाला विचारणे थांबले.